बंद घराचा मीटर

विंझर,
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

चि. रघुवीर यास,

ताईचे आशीर्वाद. इकडे मी बरी आहे. खालच्या खाचरात भात निसवलाय. भोरला तुम्ही सगळे बरे असाल, आणि नसलात तरी मला कळवू नकोस.

साडी मिळाली. टेंपोवाल्याने कापूरहोळहून नीट आणून दिली. रंग छान आहे. एरवी भावाला बहिणीची आठवण नसली, तरी हक्कसोडाची सही हवी असली की तिचा आवडता रंग बरोबर आठवतो. शेजारच्या सखूबाईच्या सुनेला देऊन टाकली. तिला शोभते.

सोबतची चिठ्ठी वाचली. गुरुवारी अकराला वेल्ह्याच्या नोंदणी कचेरीत यायचं, घर आणि खालचं खाचर यांवरचा हक्क सोडल्याची सही करायची, म्हणजे पुण्याच्या साहेबांना फार्महाऊससाठी मोकळी जागा मिळेल. मी कुठे जायचं ते चिठ्ठीत नाही. कागद संपला असेल.

सहीचं नंतर बोलू. आधी विजेचं बोलते.

तू कचेरीत फायली हाताळणारा माणूस, तुला मी काय शिकवणार? तरीही लिहिते, कारण मला हे समजायला सहा महिने लागले आणि तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आबा गेल्यावर मीटर तुझ्या नावावर झाला. मग तो जुना मीटर गेला आणि प्रीपेड आला. आधी पैसे भरा, मग उजेड. सरकारने वीजबिलात सूट जाहीर केली, तेव्हा ज्यांना बिल येतं त्यांच्या बिलातूनच ती वजा झाली. आम्हाला बिलच नाही, तर वजा कशातून करणार? म्हणून ज्याच्या नावावर मीटर, त्याच्या मोबाईलवर सवलतीचा वीस आकडी कोड येतो. तो मीटरची बटणं दाबून घातला की तेवढी वीज जमा होते. तीन महिन्यांत नाही घातला तर कोड बाद. म्हणजे मीटर आमच्या ओटीवर आणि त्याची किल्ली तुझ्या खिशात.

पहिला कोड तू गेल्या दिवाळीत फोनवर वाचून दाखवलास. मी बटणं दाबत होते आणि आई शेजारी हात जोडून उभी होती. नंतर सखूबाईला सांगत सुटली, "माज्या रघूनं उजेड धाडला गं." वीज सरकारची, पुण्य तुझं.

दुसरा कोड फाल्गुनात यायचा होता. मी फोन केला की तुझं ठरलेलं उत्तर, "आला न्हाई ताई. सरकारी काम हाय, येळ लागतो." मीही वाट पाहत राहिले. आषाढात मीटरमधली शिल्लक संपली आणि घर अंधारात गेलं. तीन दिवस. त्या तीन दिवसांत तुला पाच फोन केले. तू म्हणालास, "उद्या येतोय बघ कोड." तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला आई परसदारच्या पायरीवरून पडली. खुबा मोडला. अठरा दिवसांनी ती गेली. तू आलास, रडलास, मुंडण केलंस. गावाने तुझं कौतुक केलं.

तेरावं झाल्यावर मी वेल्ह्याला वीज कचेरीत गेले. कोड अजून का आला नाही एवढंच विचारायचं होतं. खिडकीवर वैदेही नावाची मुलगी होती, गुणाची पोर. तिने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, कोड मार्चमधीच गेलाय की तुमच्या भावाच्या मोबाईलवर. वापरला न्हाई म्हनून बाद झाला. आन हितं तर घर बंद हाय असं लिवून दिलंय." मग तिने फायलीतला कागद काढून दाखवला. 'सदर घर बंद असून तेथे कोणी राहत नाही.' खाली तुझी सही. शाळेत असल्यापासून तू 'र'ला जो फाटा मारतोस, तो तसाच.

तारीख ३० एप्रिल. आखितीचा, अक्षय तृतीयेचा दिवस.

त्या दिवशी तू आला होतास. आबांच्या नावाने पाण्याचा करा भरलास. आईने उठवत नसताना पुरण वाटलं, तुला आग्रह करकरून तीन पोळ्या वाढल्या. "जातो, वेल्ह्याला जरा काम हाय," म्हणून निघालास. हे काम होतं तर. तिच्या हातचं पुरण अजून बोटांना लागलेलं असेल आणि तू लिहून दिलंस की त्या घरात कोणी राहत नाही. साहेबांना घर मोकळं दाखवायचं होतं. उजेड बंद केला की म्हातारी आणि टाकलेली बहीण आपोआप उठतील, असा तुझा हिशेब.

मी रडले नाही, रघू. त्या पोरीने पाणी दिलं, ते प्याले आणि म्हणाले, "ह्याच्या नकला द्या."

एक नक्कल तलाठ्याकडे दिली, हरकतीच्या अर्जासोबत. एक तुझ्या पुण्याच्या साहेबांना रजिस्टर पोस्टाने पाठवली. काल त्यांचा फोन आला होता. भांडणातली जागा नको म्हणाले. विसाराचे पैसे परत मागायला ते गुरुवारी येतील, तेव्हा तू कचेरीत जा, त्यांची खेप फुकट नको. तिसरी नक्कल मी दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ग्रामसेवकाच्या हातात दिली आणि मोठ्याने वाचायला लावली. सगळं गाव बसलं होतं. वाचून झालं. मग कोंडिबा आज्जा काठीवर उठले आणि म्हणाले, "आरं, त्या घरात कोन ऱ्हात न्हवतं, तर आषाढात आमी खांद्यावर कुनाला न्हेलं?"

ते ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. तू आता विंझरच्या फाट्यावर एसटीतून उतरून बघ, चहा तरी कोण विचारतं ते.

पंचनामा झाला. अकरा वर्षं मी इथे राहते म्हणून पाच जणांनी सह्या दिल्या. वारस म्हणून अर्ज केला, शनिवारी मीटर माझ्या नावावर चढला. यापुढचे कोड माझ्या मोबाईलवर येतील.

आता एक गोष्ट, जी ग्रामसभेत सांगितली नाही आणि सखूबाईलाही नाही. त्या तीन दिवसांत माझ्याकडे पैसे होते. मिठाच्या बरणीमागच्या डब्यात पाचशेची नोट होती. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन दहा मिनिटांत रिचार्ज झाला असता. आई म्हणाली पण, "भर गं बाई, मला दिसत न्हाई." मी नाही भरले. म्हटलं, सूट हक्काची आहे, रघूकडूनच घेईन. बघू कोण आधी वाकतं. तुझ्याशी हट्ट धरला आणि पडली ती.

तेव्हा तू एकटाच गुन्हेगार आहेस असं मी म्हणत नाही. तुला तेवढं सुख मी देणार नाही, आणि मलाही नको.

गुरुवारी मी येणार नाही. घरावरचा हक्क सोडणार नाही, खाचरावरचा सोडणार नाही. आईच्या मरणात आपल्या दोघांची निम्मी निम्मी वाटणी आहे. माझी निम्मी मी मरेपर्यंत सांभाळीन. तुझी निम्मी तुझ्या नावावर चढवली आहे, आणि तिचा हक्कसोड मी जिवंत असेपर्यंत तुला मिळणार नाही.

सुलक्षणा रखमाजी,
राहणार विंझर