डिचोलीतली नोकरी

डिचोली,
८ फेब्रुवारी १९९८

तीर्थरूप आईंना देवकीचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? हळर्णात थंडी असेल. न्हाणीतली चूल पेटवायला तुम्ही खाली बसू नका, पार्वती पेटवील. पत्र वाचून दाखवणारीही तीच, म्हणून धाकट्या जाऊबाईंना आशीर्वाद इथंच लिहून टाकते.

मी बरी आहे. सकाळी चहा-पोई होते, दुपारचं जेवण नर्सिंग होममध्येच मिळतं. होय आई, नोकरी लागली.

आधी म्हापशाला फिरले. सगळीकडे एकच, ‘अनुभव आहे?’ नाही म्हटलं की, ‘कुठंतरी काम करून मग या.’ ते आधीचं काम देणार कोण, हे कुणी सांगेना. इथल्या फिलोमिना सिस्टरनी मात्र वेगळंच विचारलं. म्हणाल्या, “रगत पळयल्यार घुंवळ येता गो तुका?”

रक्त बघून मला घेरी येते का, ते मलाच ठाऊक नव्हतं. खाणीच्या रस्त्यावर ह्यांचा ट्रक उलटला तेव्हा मला काही बघूच दिलं नव्हतं ना कुणी. मी म्हटलं, “माहीत नाही.” “खरें उलयलें तुवें. फाल्यां यो,” सिस्टर म्हणाल्या. खरं बोलले म्हणून घेतलं; दुसऱ्या दिवशी कामाला लागले.

मी निघाले तेव्हा तुम्ही मागल्या दारी पाठ करून बसलात. “परक्यांचा गू-मूत काढूक जातलंस?” एवढंच बोललात. तेच काढते, आई. पहिल्या दिवशी भांडं धुताना ओकले. आता नाही ओकत. म्हाताऱ्यांना कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं, सगळं शिकले.

खरं तर एवढंच लिहिणार होते. पण सोमवारपासून एक गोष्ट मनातून जात नाही. पार्वती, पुढचं जरा हळू वाच. आईंच्या जवळ बसून वाच.

सोमवारी दुपारी खाणीवरचा एक ड्रायव्हर आणला. गुरुदास नाव. जवळ म्हणून आधी आमच्याकडे आणला. डॉक्टरांनी खूप खटपट केली, पण गेला. मी तिथंच पाय धरून उभी होते. घेरी आली नाही मला.

सिस्टर म्हणाल्या, “ताची आवय येता. ती येवचे आदीं ताका पुसून घे.”

ऊन पाणी आणून बसले. कानांत, केसांत, पापण्यांत खनिजाची लाल माती. पाणी लाल होत राहिलं. रक्त किती आणि माती किती ते कळेना. हात उचलताना तोंडातून निघून गेलं, “जरा वर घ्या हं.” सिस्टरनी ऐकलं, पण हसल्या नाहीत.

त्याची आई आली. केसांवरून हात फिरवत म्हणाली, “कोणें उगयले केंस?” मी म्हटलं, मी विंचरले. मग माझं मनगट धरून विचारलंन, “तो कितें उलयलो गो?” खोटं बोलवेना. म्हटलं, “काही बोलला नाही. पण एकटा नव्हता. मी होते.” तिनं मनगट किती वेळ सोडलंच नाही.

आई, ह्यांना इस्पितळातून घरी आणलं तेव्हा ओटीवर बसून तुम्ही येईल त्याला विचारत होतात, “माझ्या झिलाक पाणी कोणी दिल्यान? कोण होता त्याच्याकडे?” कुणी उत्तर दिलं नाही. बाकीच्या आम्हा बायकांना आत कोंडलं, तोंडावरची चादर काढू दिली नाही. पण दारातल्या गर्दीतून मला एक हात दिसला होता. चादरीबाहेर राहिलेला. स्वच्छ होता, आई. नखांतसुद्धा माती नव्हती. खनिजात पडलेल्या माणसाचा हात असा कसा, हे मला इतके महिने कळलं नव्हतं. विचारणार कुणाला?

आता कळलं. तिथंही माझ्यासारखी कुणीतरी होती. तिनं तुमच्या शंभूला पुसलं. त्याच्याशी बोललीही असेल. पाणी दिलं की नाही ते मला सांगता येणार नाही. पण परक्या बाईनं त्याचा हात हातात धरला होता, एवढं मी शपथेवर सांगते.

बोलावलंत तर शिमग्याला येईन. नाही बोलावलंत तरी तुमच्याच घरची,

देवकी