बंद केलेलं सलाईन

३ नोव्हेंबर १९९९
काल कराडहून आले. नंदाखाल गावातलं हे दहा खाटांचं हॉस्पिटल मला फारच आवडलं. खिडकीबाहेर केळीची बाग, वॉर्डात स्वच्छ चादरी. मोठे डॉक्टर प्लासिड सर अगदी शांत. म्हणाले, दिवसा तू सांभाळ, मी संध्याकाळी येतो. नर्स रंभाताई वीस वर्षं इथे आहेत. पहिल्याच दिवशी मला घरची भाकरी खायला घातली. आईला पत्रात लिहिलं, ज्ञानदा आता खरी डॉक्टर झाली.

९ नोव्हेंबर
गावातली इझाबेल आली. शिवणकाम करते. दाढदुखीसाठी तीन दिवस दोन दुकानांतल्या गोळ्या खात होती. नावं वेगळी, औषध एकच, पॅरासिटामॉल. आता उलट्या थांबत नाहीत. सरांनी या गोळ्यांच्या विषावरचा उतारा मुंबईहून मागवला. मला समजावलं, की आधीच उशीर झालाय, यकृत वाचवायचं तर आल्याबरोबर सलाईनमधून सुरू कर, पण जोरात सोडू नकोस. रक्तात गोळीचं औषध कमी उरलं असेल तर उताऱ्याचीच रिअ‍ॅक्शन जास्त येते. आली तर थांबव, इंजेक्शन दे, आणि मग हळू पुन्हा चालू कर.

१० नोव्हेंबर
दुपारी उतारा आला. घाईत मी जोरातच सोडला. वीस मिनिटांत तिच्या अंगावर गांध्या उठल्या, छातीत घरघर सुरू झाली. मी सलाईनच्या नळीवरचं चाक बंद केलं. इंजेक्शनाने तिला उतार पडला, हसून तिने चहा मागितला. पुन्हा चालू करायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही. उरलेली बाटली मोरीत ओतली. फाईलमध्ये लिहिलं, उतारा पूर्ण दिला.

१३ नोव्हेंबर
डोळे पिवळे. मला ओळखत नाही. मुंबईला हलवलं.

१५ नोव्हेंबर
इझाबेल गेली.
तिचे वडील सॅन्टन केळ्यांचा घड घेऊन आले. "माझ्या पोरीसाठी तू लय धावलीस, बाय," म्हणाले.
मी घड घेतला.

२४ नोव्हेंबर, दुपार
आचोळे गावची रचना दाखल झाली. तापात चुकून जास्त गोळ्या घेतल्या. वेळेत आली आहे. उतारा हळू सोडला. दहा मिनिटांनी बघते तर थेंब थांबलेले. चाक बंद. उघडलं. परत बंद. रिअ‍ॅक्शन नाही, अंगावर गांध्या नाहीत— घरघर मात्र मला ऐकू येते. रचनाची नाही.

चार वाजता
रंभाताईंनी माझं मनगट धरलं. हळूच म्हणाल्या, "मॅडम, चाक तुमीच बंद करता. मी तिनदा बघितलं."
मला आठवत नाही.
सरांना बोलावलं. सगळं सांगितलं, इझाबेल, मोरी, फाईल— सरांनी मला वॉर्डाबाहेर बसवलं.

पाच
मी बाहेर, बाकावर. वॉर्डाला आतून कडी. आत रंभाताई, सलाईन चालू. उजवा हात मांडीखाली दाबलाय. डाव्याने लिहिते—

घरघर जवळ—

बाक कुठे— दाराची कडी तशीच, आणि समोर खाट आहे. रचना झोपली आहे. रंभाताई दाराकडे तोंड करून— त्यांना दिसत नाही मी— उजव्या हाताच्या बोटांत चाक—