वरच्या मजल्यावर एक खुर्ची

मी, चंद्रहास प्रल्हाद खासनीस, वय वर्षे सव्वीस, मूळचा सहकारनगर, पुणे, हल्ली मुक्काम मेरीलँड्स, सिडनी, धंदा काय लिहावा ते ठरत नसल्याने सध्या वेस्टमीडच्या बाजूला लाँड्रीच्या चादरी वाहणारा, असे लिहून ठेवतो की हे लिहिताना माझे डोके ठिकाणावर आहे, पोटात वरणभात आहे आणि मागे उभे राहून कोणी सांगत नाही. याआधी मिल्ड्युराला द्राक्षे तोडताना साप दिसला तेव्हा बिस्किटाच्या पुड्यावर ‘सगळे आईला’ असे लिहिले होते. ते रद्द समजावे.

परवा, शनिवारी, मी सेमिसी ताउफा याच्याशी लग्न करतो आहे. इथल्या कायद्यात लग्न झाले की आधीचे मृत्युपत्र बाद होते, म्हणून शुभदाताईच्या सांगण्यावरून स्पष्ट लिहितो: हे मृत्युपत्र त्याच लग्नाचा विचार करून केले आहे आणि त्या लग्नाने मोडणार नाही. शुभदाताई केलीव्हिलला राहते, आयटीत आहे. वकील नाही, पण सरकारी कागद वाचायला घाबरत नाही. मी तिचे लॉन कापायचो, तेवढ्यावर तिने मला भाऊ मानले. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तीच करील. इंग्रजी प्रत तिने केली आहे, त्यात ती मला फाटे फोडू देत नाही. ही मराठी प्रत आई-बाबांसाठी.

एक. माझी बँकेतली शिल्लक, स्वॅग म्हणजे उघड्यावर झोपायची वळकटी, द्राक्षाच्या दोन कात्र्या, गिटार (मला वाजवता येत नाही, सेमिसीला येते) आणि कुंडीतला कढीपत्ता, हे सर्व सेमिसीला. कढीपत्त्याला थंडीत आत घ्यावे. तो विसरतो.

दोन. प्रेशर कुकर हृषिकेशला, शिट्टीशिवाय. हृषिकेश माझा पॅरामॅटाचा रूममेट. सेमिसीचे कळल्यावर म्हणाला, “मला काही प्रॉब्लेम नाही रे, पण आईबाबा येणारेत,” आणि मला दुसरी खोली बघायला लावली. त्याचे आईबाबा तर आलेच नाहीत, बॉर्डर बंद झाली. शिट्टी सेमिसीला.

तीन. बाबांना माझे हॉटेल मॅनेजमेंटचे अर्धवट सर्टिफिकेट. तीन विषय पास आहे, त्यातला एक चांगल्या मार्कांनी. बाबा आजही फोनवर ‘तुझा तो मित्र’ म्हणतात. शनिवारनंतर म्हणता येणार नाही. आईला माझ्या सगळ्या फोटोंचा पासवर्ड. आईने परवा विचारले, “सासू कशी आहे रे?” हा प्रश्न तिने सरळ विचारला याचा आनंद मी शब्दांत लिहू शकत नाही, आणि उत्तरही एका ओळीत देता येत नाही. म्हणून पुढचे कलम लांब आहे. ताईने इंग्रजीत ते दोन ओळींत संपवले.

चार. माझी लाल युट सेमिसीच्या आईला, सेइनी ताउफा यांना.

युट म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी. ती त्यांना का, ते सांगतो. सेइनी आँटी टोंगा बेटांवरच्या, घराणे मॉर्मन. ही ख्रिस्ती लोकांतली एक शाखा. त्यांच्यात लग्न नुसते मरेपर्यंतचे नसते. त्यांच्या मंदिरात नवरा-बायकोची आणि मुलांची कायमची गाठ बांधतात, ती मेल्यावरही सुटत नाही. स्वर्गाचे तीन मजले. सगळ्यात वरच्या मजल्यावरसुद्धा आणखी वरचा भाग, तिथे फक्त अशी गाठ बांधलेली जोडपी. आणि जोडपे म्हणजे एक पुरुष, एक बाई. आँटींच्या हॉलमध्ये चर्चचे पंच्याण्णव सालचे जाहीर निवेदन फ्रेम करून लावले आहे, त्यात हेच आहे. त्यांचे यजमान काही वर्षांपूर्वी गेले. ते वर पोचलेत याबद्दल आँटींना शंका नाही. त्यांना भीती एकच, की तिकडे जेवायला बसतील तेव्हा सेमिसीची खुर्ची रिकामी असेल.

त्यामुळे त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. मी त्यांना दुष्ट समजत होतो. दोन हजार सतरात इथे टपालाने मत मागवले, दोन पुरुषांचे लग्न कायद्याने व्हावे का म्हणून, तेव्हा आँटींनी ‘नो’वर खूण करून पाकीट स्वतः पेटीत टाकले. हे त्यांनीच पुढे गाडीत मला तोंडावर सांगितले. मी इथला नागरिक नव्हतो, मला मत नव्हते. तो ‘नो’ मी या कागदान्वये माफ करतो. कायदा तरीही झाला.

मग आला लॉकडाऊन. आमच्या भागात पाच किलोमीटरपलीकडे जायची बंदी, पुष्कळ टोंगन घरांत करोना, आणि आँटींच्या चर्चच्या बायका रोज पातेली भरभरून अन्न शिजवतात पण पोचवायला गाडी नाही. सेमिसी म्हणाला, चान, तुझी युट. (मला तो चान म्हणतो, चंद्रहास त्याला झेपत नाही.) मी नाक मुरडून गेलो. आँटी मास्क लावून मागच्या सीटवर बसल्या आणि रस्ता सांगू लागल्या. हौद्यात तारो म्हणजे अळूचे कंद, मांसाचे डबे आणि दुसऱ्या आठवड्यापासून माझी खिचडी. खिचडी संपली की नाही हे त्या परत येताना डबा हलवून बघायच्या. त्या म्हणाल्या नाहीत, पण आवडायची.

गाडीत माणूस किती दिवस गप्प बसणार. मी बारावीपुढे धड शिकलेलो नाही, पण गाडी चालवताना माझे डोके फार चालते. मी विचारले, आँटी, तुमचा जो खास ग्रंथ आहे, बायबलव्यतिरिक्तचा, त्यात दोन पुरुषांबद्दल काय लिहिलंय? त्या म्हणाल्या, त्या ग्रंथात थेट काही नाही. बायबलमध्ये आहे, आणि प्रेषितांच्या बोलण्यात आहे. आमच्याकडे ग्रंथ म्हणजे सगळं नाही बॉय, आमचा प्रेषित जिवंत असतो, देव त्याच्याशी अजून बोलतो.

मी म्हटले, मग देव मत बदलतो की काय. त्या चिडल्या. मत नाही बदलत, पुढचं सांगतो. आणि त्यांनीच उदाहरणे दिली, मला कुठली माहीत असणार. काळ्या पुरुषांना त्यांच्यात पौरोहित्य मिळत नसे, अठ्ठ्याहत्तर साली मिळू लागले. दोन हजार पंधरात नियम आला की असे लग्न करणारा धर्मभ्रष्ट आणि त्याच्या मुलांना लहानपणी बाप्तिस्मा नाही. त्याच महिन्यात सेमिसी घर सोडून गेला. दोन हजार एकोणीसला तो नियम मागे घेतला. लग्न अजूनही पापच, मोठे पाप, पण तो शब्द गेला. “दोन्ही वेळा मी रडले,” आँटी म्हणाल्या, “पहिल्यांदा मुलगा गेला म्हणून. दुसऱ्यांदा, मग गेला कशाला म्हणून.”

मला उजवीकडे वळायचे होते, सरळ गेलो.

नंतर मी म्हटले, समजा देवाने पुढचे सांगितलेच नाही, तर मी आणि सेमिसी खालच्या मजल्यावर राहू. त्यांच्या शिकवणीप्रमाणे सगळ्यात खालचा मजलासुद्धा माणसाच्या कल्पनेपेक्षा सुंदर आहे, हेही त्यांनीच सांगितले होते. आणि मी आजवर कुठल्याही बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहिलेलो नाही, मला सवय आहे. त्यावर त्या हसल्या. मास्कमागे, पण खांदे हलले, आरशात दिसले.

पाच. आजोबांबद्दल. हे मालमत्तेत बसत नाही, ताईने समासात ‘काढ’ लिहिले आहे, मी ठेवतो.

मॉर्मन लोक मेलेल्या पूर्वजांचाही विधी करतात. जिवंत माणूस त्यांच्या नावाने उभा राहतो आणि बाप्तिस्मा घेतो. मेलेल्याने तो स्वीकारायचा की नाही, हे मेलेल्याच्या मर्जीवर. मागच्या आठवड्यात डबे उतरवताना आँटींनी विचारले, “तुझ्या आजोबांचं पूर्ण नाव काय? मंदिर उघडलं की देते.” मी सांगितले, बाळ खासनीस, आणि विसरून गेलो. घरी भांडी घासताना सेमिसीला बोललो तर त्याच्या हातातली परात सुटली.

“चान, तिने स्वतः विचारलं?”

“हो. का?”

“बाहेरच्या माणसांची नावं देता येत नाहीत. नियम आहे. फक्त आपल्या नात्यातल्यांची.”

परात तशीच जमिनीवर. आम्ही दोघे सिंकसमोर उभे, नळ चालू. मी आयुष्यात रेस जिंकलेलो नाही, मला बक्षीस म्हणून एक टिफिन मिळाला होता, तोही सगळ्यांना दिला होता. जिंकल्यावर काय वाटते ते मला त्या दिवशी कळले.

म्हणून लिहितो: आजोबांचे नाव द्यायला माझी हरकत नाही. आई-बाबांना राग आला तर तो माझ्यावर काढावा. आजोबांनी जन्मात कोणाचा चहा नाकारला नाही. मॉर्मन लोकांना चहा वर्ज्य, तिथे तो मिळत नाही हे कळल्यावर काय करायचे ते त्यांचे ते बघतील. माझे स्वतःचे म्हणाल तर मला विद्युतदाहिनीत द्यावे, राख सेमिसी म्हणेल त्या पाण्यात. मी गेल्यावर आँटींना माझेही नाव द्यायचे असेल तर द्यावे, पण एका अटीवर. नात्याच्या जागी ‘मुलाचा मित्र’ लिहायचे नाही.

सहा. हे कलम आज, सही करताना, हाताने वाढवले आहे.

करोनामुळे सध्या व्हिडिओवर साक्ष चालते. ताई केलीव्हिलहून स्क्रीनवर होती. दुसरा साक्षीदार शेजारचा कुमार ठरला होता, पण सकाळीच त्याच्या घरी एकजण पॉझिटिव्ह निघाला. तेवढ्यात आँटी आल्या, डब्यांसाठी. ड्राइव्हवेवर मास्क लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, काय वाचताय ते वाचा. ताईने इंग्रजी प्रत मोठ्याने वाचली. सेमिसीशी लग्न, कढीपत्ता, युट. आँटी मान खाली घालून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, मी करते सही.

ताई स्क्रीनवरून म्हणाली, सॉरी आँटी, तुम्हाला गाडी मिळतेय. ज्याला काही मिळतं त्याने साक्ष केली तर ते मिळणं जातं.

आँटींनी युटकडे बघितले. दोन महिने त्या गाडीत आमची भांडणे झाली, आणि ती लाल आहे, आणि त्यांना लाल रंग फार आवडतो. मग म्हणाल्या, “गाडी खोडा.”

मी म्हटले, आँटी, चर्चच्या डब्यांचं काय?

“तू आहेस ना चालवायला. मेल्यावरचं मेल्यावर बघू.” आणि सेमिसीकडे वळून, “लग्नाला पाच माणसं चालतात म्हणे. चार बोलवा. मी प्रार्थना करणार, आणि मी काय मागेन ते तुम्ही विचारायचं नाही.”

सबब कलम चार रद्द. युट सेमिसीला. त्याने आईला रोज सोडावे.

साक्षीच्या चौकटीत ‘नाते’ असा रकाना ताईने उगाच छापला होता, कायद्याला लागत नाही. आँटींनी मला विचारले, तुमच्या भाषेत याला काय म्हणतात. मी सांगितले. त्यांनी इंग्रजी अक्षरांत, सावकाश, चष्मा काढून लिहिले. उद्या गणपती आहेत. त्या मोदक करायला येणार आहेत, सारण गोड हवे असे आत्ताच बजावले आहे.

वरील सर्व मला वाचून दाखवले, मला कळले, आणि मी ते खुशीने, फार खुशीने, मान्य केले.

ठिकाण: मेरीलँड्स, आमचा ड्राइव्हवे
गुरुवार, ९ सप्टेंबर २०२१

(सही) चंद्रहास प्रल्हाद खासनीस

आम्हा दोघींसमोर त्याने सही केली, म्हणून आमच्या सह्या:

साक्षीदार १: (सही, व्हिडिओवरून) शुभदा गोखले, केलीव्हिल. नाते: मानलेली बहीण

साक्षीदार २: (सही) सेइनी ताउफा, मेरीलँड्स. नाते: सासू