हाताची घडी

दि. ४ जानेवारी

चि. सूनबाईस,
अ. उ. आ.

तुझं पार्सल पोचलं. औषधं असतील म्हणून उघडलं, तर आतून निघाला पत्त्यांचा जोड, तोही टॅरोचा! पोस्टमन समोरच उभा होता. काका, आता भविष्य सांगायला बसणार का, असं विचारून मोकळा झाला. अगं, चाळीस वर्षं मी सरकारी नकाशे काढले. ओढा जिथे असेल तिथेच दाखवायचा, एवढीच माझी विद्या. अशा माणसाच्या हाती हे थेर द्यायचं तुला सुचलं तरी कसं?

चिठ्ठीत लिहिलंयस की माझं पोर, आपला पिंट्या, गेल्यावर तुमच्या दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी तुला ही सवय लावली, आणि तीन वर्षं तू तिच्यावरच तग धरलास. सकाळी एक पत्ता काढायचा. पुढे काय होणार ते विचारायचं नाही, नुसतं चित्र बघायचं आणि मनात काय हललं ते चार ओळींत लिहायचं. बघायचंच काम असेल तर ते मला येतं. म्हणून काल एक काढला. डोंगरमाथ्यावर दाढीवाला म्हातारा, हातात कंदील, आसपास चिटपाखरू नाही. एवढं कळायला पत्ते कशाला? घरात आरसा होता की!

लोभ आहे, त्यात काटछाट करू नये.

तुझा,
बाबा

दि. १५ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आरशाचं वाचून आधी हसले, मग रडले. म्हातारा एकटा आहे हे तुम्ही लिहिलंत. पण तो कंदील कुणासाठी धरून उभा आहे, ते नाही लिहिलंत. उत्तराची घाई करू नका, बघत राहा.

माझं काम तुम्हाला माहीतच आहे. माणसाला काचेच्या खोलीत बसवायचं, कानात बारीक शिट्टी सोडायची, ऐकू आली की त्याने बटण दाबायचं. काही जण ऐकू न येताच दाबतात, नापास व्हायला नको म्हणून! पिंट्या गेल्यावर वर्षभर मीही तेच केलं. कुणी कशी आहेस विचारलं की लगेच, मजेत. पत्त्यासमोर तसं करता येत नाही, कारण तिथे फसवायला दुसरं कुणी नसतं.

आता जे लिहायचंय ते लिहिते. आमच्याकडे श्रवणयंत्रं दुरुस्त करणारे एक जण आहेत. शांत आणि थोडे वेंधळे, चष्मा डोक्यावर ठेवून तोच शोधत फिरणारे. त्यांनी मला लग्नाचं विचारलंय. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. तुमच्या कानावर घातल्याशिवाय म्हणणारही नाही. तुम्ही फोन ठेवत नाही, म्हणून हे कागदावर लिहावं लागतंय. अक्षर वेडंवाकडं आलंय, समजून घ्या.

माया आहे तशीच राहू द्यावी.

तुमची,
सूनबाई

दि. २ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,
अ. उ. आ.

लग्नाचं आधी. कर. वाचून वाईट वाटलं नाही असं खोटं लिहीत नाही. दोन दिवस स्वयंपाक केला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःचीच लाज वाटली. पोरगी जगायचं म्हणतेय आणि मी तोंड पाडून बसलोय!

आता दुसरं. गेल्या आठवड्यात एक पत्ता निघाला. झाडाखाली एक तरुण हाताची घडी घालून बसलाय. ढगातून एक हात त्याच्यापुढे पेला धरतोय आणि हा ढुंकून बघत नाही. आधी मी सवयीने चित्रातली चूक काढली, या हाताला कोपर कुठे आहे म्हणून. मग पत्ता गठ्ठ्यात खुपसून टाकला. दुसऱ्या दिवशी मात्र तोच शोधून काढला आणि समोर ठेवला.

त्याची आई गेल्यावर पिंट्याने मला न विचारता तिचे सगळे कपडे वृद्धाश्रमात देऊन टाकले, आणि पुन्हा या घराची पायरी चढू नकोस असं मी त्याला सुनावलं, हे तुला ठाऊक आहे. दोन महिने बोलचाल बंद होती. तो गेला त्या दुपारी साडेचारला त्याचा फोन आला होता. फोन आतल्या खोलीत होता, मला ऐकूच आला नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. फोन माझ्यासमोर टेबलावर होता. त्याचं नाव दिसत होतं. मी तो पालथा घातला आणि वाजायचा थांबेपर्यंत हाताची घडी घालून बसून राहिलो. करेल पुन्हा, असं मनात म्हटलं. तासाभराने फोन आला तो पोलिसांचा, वळणावर अपघात झाल्याचा. तेव्हापासून ते यंत्र घरात ठेवलं नाही.

माझा तिटकारा आला तर तो लपवू नकोस. कळावे.

बाबा

दि. ९ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तिटकारा नाही आला. पण तुम्ही एवढं लिहिलंत, आता मला गप्प राहता येणार नाही.

त्या सकाळी मी त्याच्याशी भांडले होते. बापाला फोन केल्याशिवाय माझ्याशी बोलू नकोस, असं म्हणाले. पावणेपाचला त्याचा मला फोन आला. चिडलेला नव्हता. हसत म्हणाला की म्हातारा अजून फुगून बसलाय, फोनवर जमायचं नाही, सरळ घरीच जातो आणि पायरीवर बसतो, कधी ना कधी दार उघडेलच. मी जा म्हटलं.

कुठलीशी लिफ्ट अडकली म्हणून दुरुस्तीसाठी त्याला कामावरून त्या रस्त्याला पाठवलं होतं, असं मी सर्वांना सांगितलं. तसं काही नव्हतं. तो तुमच्याकडे येत होता, बाबा. तुमच्यामुळे तो त्या वळणावर पोचला असं तुम्हाला वाटू नये, म्हणून लपवलं. आणि माझ्यामुळे पोचला हे मला सारखं वाटतं, म्हणूनही.

लग्नाची नोंदणी २७ मार्चला आहे. तुम्ही यावं असं फार वाटतं. आग्रह करायचा हक्क मला उरलाय का, ठाऊक नाही.

तुमची,
सूनबाई

दि. २३ मार्च

चि. सूनबाईस,
अ. उ. आ.

सहा आठवडे तुला उत्तर दिलं नाही. आधी तुझ्यावर रागावलो होतो, मग पिंट्यावर. शेवटी राग जिथे यायचा तिथे आला, माझ्यावरच.

परवाच्या रविवारी त्या वळणावर जाऊन आलो. तीन वर्षांत पहिल्यांदा. नकाशेवाल्याची खोड जात नाही ना, पावलं मोजली. तिथून माझ्या दारापर्यंत सोळाशे बारा होतात. वळणावर पंक्चर काढणारा बसतो. त्याने स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि काही न विचारता आपल्या कामाला लागला. मी तिथे भर दुपारी मोठ्याने रडलो. पिंट्या गेला तेव्हा इतका रडलो नव्हतो.

मी फोन उचलला असता तर तो निघालाच नसता. हे आता माझ्याबरोबर राहणार. तू त्यात वाटा मागू नकोस. पोराला बापाकडे पाठवलंस, यात कसला आलाय गुन्हा? पण मी तीन वर्षं समजत होतो की तो माझ्यावर रुसून गेला. तो रुसला नव्हता गं. तो येत होता. एवढी मोठी गोष्ट या वयात कुठे ठेवावी, मला सुचत नाही.

नोंदणीला येत नाही. तिथे हसावं लागेल, ते जमायचं नाही. जावयाने पहिल्याच दिवशी रडका सासरा कशाला बघावा? त्यानंतरच्या रविवारी दोघं जेवायला या. तू दर वेळी लांबच्या रस्त्याने येतेस आणि बस चुकली म्हणून सांगतेस, ते मला कळतं. या वेळी जवळच्या रस्त्याने या आणि वळणावर उतरा. मी तिथे स्टुलावर बसलेला असेन. तिथून घरापर्यंत तिघं चालत येऊ. माझा गुडघा हा असा, वेळ लागेल.

वाट बघतो. दोघांना आशीर्वाद.

बाबा