मिटत गेलेला हात

बाबा, मला तुमचाच आजार झाला आहे. उजव्या तळहातात, अनामिकेच्या मुळाशी आधी वाटाण्याएवढी गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून मी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. मग गाठीपासून बोटापर्यंत कातडीखाली दोरी ताणून बसवल्यासारखं दिसायला लागलं आणि बोट आत वळू लागलं. तोंड धुताना ते डोळ्याला लागायचं. एकदा असंच लागलं तेव्हा नळ तसाच चालू ठेवून मी हाताकडे बघत उभी राहिले, कारण हा हात मी आधी पाहिला होता.

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधलं स्वयंपाकघर. तुम्ही सरकारी गाडीचे ड्रायव्हर, सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पाटावर बसलेले. स्टिअरिंग धरून घट्टा पडलाय, असं तुम्ही म्हणता. आई तुमचा हात कोमट मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायला लावते, मग तिळाच्या तेलाने चोळते, माझी फूटपट्टी बोटाला बांधून बघते. तुम्ही हसता आणि मला म्हणता, आता शाळेत रेघा कशाने मारणार? बोट मात्र वळतच राहतं. पुढे करंगळीही त्याच्या मागे जाते. खिशातून रुमाल काढताना दोन्ही बोटं शिवणीत अडकतात, आणि तुम्ही ते कुणाला दिसू नये म्हणून रुमाल डाव्या खिशात ठेवायला लागता.

शेवटी तुम्ही दवाखान्यात गेलात. डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, पीते हो? तुम्ही नाही म्हणालात. त्यांनी विचारलं, कब से पीते हो? तुमच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेताना दारूला शिवणार नाही अशी प्रतिज्ञा केली होती, आणि तुम्ही ती स्वतःची मानून आयुष्यभर पाळली होती. ऑफिसच्या पार्टीत ग्लास पुढे आला की तुम्ही उठून गाडीत जाऊन बसायचात. त्या दिवशी तुमच्यासोबत ऑफिसमधला एक ड्रायव्हर आला होता. बाहेर त्याने सांगितलं, की आणखी कुणी, ते कधी कळलं नाही, पण डॉक्टरांनी काय विचारलं ते आठवडाभरात सगळ्यांना माहीत झालं. साहेबांनी तुम्हाला गाडीवरून काढलं. हाताची पकड राहिली नाही, असं कारण दिलं आणि तुम्हाला फायली पोहोचवायच्या कामावर ठेवलं. पण गाड्या उभ्या असायच्या तिथे लोक वेगळंच बोलत होते, की हा पितो, आणि ते आपल्या जिन्यापर्यंत पोहोचलं.

एका संध्याकाळी तुम्ही घरी येऊन चपला काढत होता. आई तुमच्या हातातली पिशवी घ्यायला पुढे झाली आणि जरा जास्तच जवळ आली. क्षणभरच. मी अभ्यासाला बसले होते, मलाही कळलं ती काय करते आहे. तुम्ही सरळ उभे राहिलात आणि म्हणालात, "घे, नीट वास घे. रोज घेत जा. पण मला विचारू नकोस." आई पिशवी घेऊन आत गेली. त्यानंतर घरात हाताचं नाव कुणी काढलं नाही. तुम्हीही परत कुठल्या डॉक्टरकडे गेला नाहीत.

किती वर्षं गेली तशी. बोटं तळव्याला चिकटली. आतली कातडी ओली राहायची, तिला वास यायचा. मी काडीला कापूस गुंडाळून ती पुसायची, नखं कापायची, आणि तुम्ही भिंतीकडे बघत बसायचात. मग शुगर निघाली, आणि त्या निमित्ताने एका मोठ्या इस्पितळात कुणीतरी तुमचा हात पाहिला. ऑपरेशन झालं, पण सांधे इतकी वर्षं मिटून राहिल्यामुळे आखडून गेले होते. शुगरमुळे जखम भरेना, चिघळली, आणि करंगळी काढावी लागली. पुढच्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. तुम्हाला आंघोळ घालून हात छातीवर ठेवताना आई तुमची अनामिका सरळ करायला बघत होती. मामाने तिचा हात धरून बाजूला केला.

आता मी फरीदाबादला राहते, तिथल्याच एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. माझ्याहून लहान आहेत. त्यांनी हात टेबलावर पालथा ठेवायला सांगितला, तो टेकला नाही. आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, मला ते नीट उच्चारताही येत नाही. बोटाची शीर आखडलेली नसते म्हणाल्या, तळव्याच्या कातडीखाली एक पातळ पडदा असतो, तोच जाड होऊन दोरीसारखा ओढला जातो. बहुतेकदा घराण्यातून येतो. शुगर असली, सिगारेट-दारू असली, तर शक्यता वाढते, आणि कित्येकांना यातलं काहीही नसताना होतो. तेल लावून, पट्टी बांधून तो थांबत नाही. हात टेबलावर टेकेनासा झाला की मात्र फार थांबू नये.

मी विचारलं, जो आदमी कभी पीता ही नहीं था, उसको हो सकता है?

त्या म्हणाल्या, "बिल्कुल हो सकता है. क्यों, किसी ने कुछ कहा था?"

मी हात परत टेबलावर ठेवला.

त्यांनी तळहात बधिर करून सुईनेच ती दोरी जागोजागी तोडली. कट्ट असा आवाज आला आणि बोट उघडलं. तासाभरात मी घरी. काही वर्षांनी परत वळेल, पूर्ण बरा करणारा इलाज नाही, हेही त्यांनी सांगितलं. घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती आता माझ्याकडेच असते. तिने माझं बोट बराच वेळ हातात धरून ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे ते खरंच कधी प्यायले नव्हते?" इतकी वर्षं तिच्या मनात थोडी शंका उरली होती, बाबा. मी म्हटलं, कधीच नाही. ती पदर तोंडावर घेऊन रडली.

हे तुम्हाला पाठवता येत नाही, म्हणूनच लिहिता येतं. आई रोज म्हणते, त्यांचा किती अपमान झाला, परत कुठल्या तोंडाने गेले असते दवाखान्यात. मी हो म्हणते. मला तसं वाटत नाही. तुम्ही दुसऱ्या डॉक्टरकडे जायला हवं होतं. मला तुमचा राग येतो.