डावीकडची सीट

रविवार, २ नोव्हें. २००३

सुधीर सकाळीच हिंगणीहून आला. धरणावरच्या नोकरीला आज सुट्टी. चहा पिता पिता म्हणाला, "ताई, हिंगणघाटले एक गाडी पाह्यली. स्पोर्ट्स कार. लाल. दोनच सीटा."

त्याच्या बायकोला, रेखाला, जाऊन दीड वर्ष झालं. या दीड वर्षात माझ्या भावाने काही मागितलं नाही. ताट वाढलं तर जेवला, नाही तर नाही. आज हाताने उंची दाखवत होता. "इतकीशी, कमरेएवढी." मला रडू आलं. डोळे पुसत कांद्याला दोष दिला. समोर कांदा नव्हता.

दलालाला फोन मीच केला. दुसऱ्या कुणाला दाखवू नका म्हटलं, शब्द दिला. आणि शेजारीपाजारी पेढे वाटून आले. गाडी न बघताच.

सोम., ३

शाळेला सुट्टी आहे अजून, सु.ने तीन दिवस रजा टाकली. सु.बरोबर हिंगणघाटला गेले, एस.टी.ने. त्याच्या मोटरसायकलवर मागे कुणी बसू शकत नाही. मागची पायदानं त्याने काढून टाकली आहेत, अपघाताच्या दुसऱ्या महिन्यात. रेखा मागे बसली होती. कापसाची ट्रॉली, मागे दिवा नाही. त्याला फक्त खरचटलं.

गाडी शेडमध्ये, ताडपत्रीखाली. जमिनीला चिकटल्यासारखी. दलाल ताडपत्री अशी ओढतो, जसा काही पडदाच उघडतो आहे. "नागपूरच्या डॉक्टरची हाय, बाई. एकाच मालकाच्या हातची. इकडच्या रस्त्याले चाकच लागलं नाई तिचं. परदेशी माल, एक ओरखडा दाखवा."

मी ओरखडा शोधत बसले. मला काय कळतं त्यातलं. सु. उजवीकडून आत बसला, स्टिअरिंगवर हात ठेवले. डावीकडे एकदाही बघितलं नाही. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं.

पैसे रेखाच्या विम्याचे. वर्षभर हात लावला नव्हता त्याने. याबद्दल आम्ही दोघंही बोललो नाही.

मंगळ., ४

समोरच्या काकू अंगणातूनच ओरडल्या, "काय मॅडम, भाऊ हिरो झाला म्हनते! आमाले बसवन का नाई?"

"दोनच सीटा आहेत, काकू."

"मंग दुसरीवर बसवाले पोरगी पाहाच आता."

हसले. आत येऊन बराच वेळ भांड्यांच्या मांडणीसमोर उभी होते.

बुध., ५

रशीदभाईंना घेऊन पुन्हा गेलो. जुने मिस्त्री, सु.ची मोटरसायकल तेच बघतात. "जयभीम, मॅडम," म्हणाले आणि खिशातून फुटक्या भोंग्यातलं लोहचुंबक काढलं. त्याला फडकं गुंडाळलेलं, रंग खरवडू नये म्हणून.

बॉनेटला चिकटलं. उजव्या दाराला चिकटलं. डाव्या दाराखालच्या पट्टीला लावलं, तर हातातून खाली पडलं. परत लावलं. परत पडलं.

"लोखंड नाई इथं. पुट्टी हाय."

मग दाराचे बोल्ट बघितले, पान्याने घासलेले. पायाखालचं कार्पेट उचललं. वेल्डिंगची जाड रेघ, शिवणीसारखी. उजवीकडचा सीटबेल्ट उन्हाने विटलेला, डावीकडचा कोरा. दलाल तेवढ्यात चहा सांगायला गेला.

"डाव्या अंगानं जबर खाल्लं हाय हिनं. इंजन फस्क्लास. पन पुन्हा त्याच अंगाले लागलं त डब्बा."

मी डाव्या सीटच्या खाली हात घातला. रुळात काही अडकलं होतं. खडा निघाला. गोल, तपकिरी, जायफळाएवढा. गिरडच्या टेकडीवर दर्ग्याजवळ असे खडे मिळतात, लोक प्रसादासारखे घरी नेतात. लहानपणी आईने आणलेला आमच्या ट्रंकेत होता.

इकडच्या रस्त्याला चाक लागलं नाही म्हणे.

खडा पर्समध्ये टाकला.

गुरु., ६

एकटीच गिरडला जाऊन आले. यांना सांगितलं, नवस आहे. हे म्हणाले, "आपण कधीपासून नवस करायला लागलो?"

पायथ्याशी फुलं-चादरी विकणारा म्हातारा. विचारलं, लाल, बुटकी गाडी कधी आली होती का इथे?

"ते काय भुलन का, बाई? चढावर पोट घासलं तिचं. पोट्टे हसून राह्यले होते. नवंच जोडपं. बाईनं पदरभर गोटे येचले. मी म्हनलं, टेकडीच घेऊन जातं का, माय? त लय हसली."

मग?

"मंग काय. घरी जातानी हायवेवर ट्रकनं डावीकडून घेतलं. बाई जाग्यावरच. तिचा मानूस आलता मागून एकदा. बसनं, काठी टेकत. फुलं नाई घेतली."

पदरभर खड्यांतला एक माझ्याकडे. तिथेच ठेवून यावं वाटलं. हात उघडला नाही.

शुक्र., ७

सु.ला बोलावून सगळं सांगितलं. बाई, ट्रक, खडा. वाटलं, त्याला धक्का बसेल, सुटेल तो.

"मले मालूम होतं, ताई."

"काय?"

"बाईचं नाई. पन डावा पट्टा कोरा दिसला तवाच समजलं, कोनीतरी गेलं हाय तिथं."

"मंग काऊन घेऊन राह्यला रे?"

खडा हातात फिरवत होता. म्हणाला, "डावीकडं कोन बसनार हाय आता?"

तेवढंच. चिडला नाही, रडला नाही. पावभाजी आवडत नाही म्हणावं तसं म्हणाला. मी आठवडाभर गाडी तपासत होते. त्याच्याकडे एवढं वाकून कुणी बघितलंच नाही. मीसुद्धा.

शनि., ८

नाही म्हणावं? मग परत ते गुमान ताट. हो म्हणावं? रशीदभाई म्हणतात गाडी सुसाट पळेल, तीच तर भीती. यांना विचारलं. "तो लहान आहे का?" लहानच आहे, मी सात वर्षांची असताना तो माझ्या कडेवर असायचा.

काही सुचत नाही

रवि., ९, सकाळ

गाडी आणायला जायचं म्हणून आला. इस्त्रीचा शर्ट. मी साडी बदलून तयार.

"तू कुठी?"

"तुह्यासंग. येतानी डावीकडं मी बसन."

"तू एस.टी.नं ये."

"नाई."

"ताई, तमाशा नको करू. लोखंडच नाई त्या अंगाले. रशीदभाईनं सांगितलं ना."

"ऐकलं मी."

"काई झालं म्हंजे?"

"तू चालवनार हायेस. तुले ठाऊक."

माझ्याकडे बघितलं त्याने. दीड वर्षात पहिल्यांदा असं, सरळ. मग बाहेर गेला.

दहाची बस आहे. दहाला पाच कमी. खिडकीतून दिसतो आहे, पायरीवर बसलेला, पाठ माझ्याकडे. हातात तो खडा. मी पर्स घेतली आहे, चपला घातल्या आहेत. हाक मारणार नाही. तो उठला की मी उठेन, जिकडे जाईल तिकडे