मार्थाने इंग्रजीत लिहिलेलं

नागापूर,
१४ मार्च १९७३

प्रिय सगुणा,

आपल्या मार्थाला डोंगरावरच्या त्या केंब्रिजच्या परीक्षेच्या इंग्रजी निवासी शाळेत घालायचं मीच ठरवलं. तू म्हणाली होतीस, "नऊ वर्सांची पोर हाय, इथल्या मिशनच्या शाळंत काय कमी हाय?" मी ऐकलं नाही. कारखान्यात साहेबांपुढे माझी जीभ अडखळते, तशी तिची अडखळू नये एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तिथल्या नियमाने घरी पत्रंही इंग्रजीतच लिहावी लागत. तुला इंग्रजी येत नाही, म्हणून मी वाचून मराठीत सांगायचो, "शाळा आवडते, मैत्रिणी चांगल्या आहेत." त्यातलं एक अक्षरही तिचं नव्हतं. तिने लिहिलं होतं, "बाबा, खोकला थांबत नाही. छातीत दुखतं. मला घेऊन जा." मला वाटलं, रुळेल. तिसऱ्या पत्रानंतर ती गेल्याची तारच आली.

तिला माती दिल्यावर तू कोपरगावला भावाकडे गेलीस. काल त्यांनी कळवलं की तुला ती पत्रं हवीत, पाळकसाहेबांकडून पुन्हा वाचून घ्यायचीत.

आज सकाळी मी ती चुलीत घातली. तुझ्या भावाला लिहिलंय, पत्रं सापडत नाहीत. ते टपालात टाकलं. हे टाकायचा धीर होत नाही.

तुझा अपराधी,
यशया